फेकला गेला तो मी नव्हतो

मंगळवार, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. मार्लो फॉल्स गावातल्या पोलिश चर्चच्या सभागृहात एका तरुण बाईने कोटावरचा बिल्ला उपटला आणि टेबलावर फेकला. बिल्ला दोनदा उसळला, कॉफीच्या कपावर आपटला आणि आडवा झाला. दिग्दर्शक म्हणाला, "कट." ऐंशी माणसांनी टाळ्या वाजवल्या.

तो बिल्ला मी नव्हतो. मित्रांनो, माझे सगळे दुखणे एवढेच आहे.

मी खरा. पत्र्याचा, दीड इंच रुंद, प्रचाराचा बिल्ला. वय बेचाळीस. १९८२च्या उन्हाळ्यात याच गावात, न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत माझा जन्म झाला. खाली पत्रा, वर कागद, कागदावर पारदर्शक पापुद्रा, मागे पिन. यंत्राचा दांडा एकदा खाली आला की एक बिल्ला तयार. आम्ही दोन हजार भावंडे. पांढऱ्यावर निळी अक्षरे सगळ्यांवर सारखीच: 'रॉलिंग्ज. शब्दाला जागणारा.'

एमेट रॉलिंग्ज राज्याच्या सिनेटसाठी उभे होते. गावातला प्रचार डोरीन कुबियाक पाहत असे. ती तेव्हा एकोणतीस वर्षांची होती, आणि तिचे वडील काच कारखान्यात दोन नंबरच्या भट्टीवर होते. तिने टोपलीतून मला उचलले, तपकिरी कोटाच्या डाव्या बाजूला लावले आणि चार महिने काढले नाही. पाऊस असो, ऊन असो, दारोदार हिंडताना मी पुढे आणि ती मागे. हाताखालचे एकेचाळीस कार्यकर्ते सकाळी आधी माझ्याकडे बघायचे आणि मग आपापला बिल्ला सरळ करायचे.

मी सुखी असायला हवे होते. पण माझ्या तोंडावर त्याचे नाव होते. डोरीन आरशात माझ्याकडे बघायची तेव्हा तिला तोच दिसायचा. तिच्या छातीवर मी, आणि तिचे डोळे मंचावर. हेवा मला तिथपासून माहीत आहे.

रॉलिंग्जच्या भाषणातले एक वाक्य डोरीनचे होते. "दोन नंबरची भट्टी विझू देणार नाही." चार महिने ते वाक्य त्यांनी गावोगाव म्हटले आणि प्रत्येक वेळी लोक उभे राहिले. २६ ऑक्टोबरला, मतदानाच्या सात दिवस आधी, याच सभागृहात सभा होती. दुपारी कारखान्याचे दोन संचालक मागच्या खोलीत त्यांना भेटून गेले होते. साडेसहाला भाषण सुरू झाले. वाक्य यायची जागा आली. रॉलिंग्जनी पाण्याचा घोट घेतला आणि पुढचे पान उलटले.

पुढे काय घडले ते तेव्हा फक्त आम्हा दोघांना, डोरीनला आणि मला, ठाऊक होते. डोरीनचा हात कोटावर आला. तिने माझी पिन उघडली. पिन तिच्या अंगठ्यात रुतली. तिने रक्त चोखले, थोडा वेळ तशीच बसली, आणि पिन परत लावली.

रॉलिंग्ज निवडून आले. मार्चमध्ये भट्टी विझली. शपथविधीला डोरीन गेली नाही. तिने गावच्या ग्रंथालयात नोकरी धरली आणि मला स्वयंपाकघरातल्या खणात ठेवले, दोऱ्याची रिळे आणि जुन्या किल्ल्यांच्या शेजारी. किल्ल्या निदान अधूनमधून बाहेर जायच्या. मी एकदाच गेलो, सहा वर्षांपूर्वी, रॉलिंग्ज वारले तेव्हा. त्या दिवशी तिने मला कोटाच्या कॉलरमागे लावले, कुणाला दिसू नये असे. शवपेटीवरच्या फुलांना सगळे बघत होते. मला अंधारातून फक्त प्रार्थना ऐकू आली.

मग सिनेमावाले आले. पटकथा लिहिणाऱ्याने ग्रंथालयात डोरीनकडून त्या सभेची हकिकत ऐकली होती; बिल्ला फेकण्याचा प्रसंग त्याने आपल्या मनाने घातला. नावे बदलणार नाही, असे ठरले. डोरीनने मान्यता दिली आणि खऱ्याचा नमुना म्हणून मला त्यांच्या हवाली केले.

चित्रीकरणाच्या वस्तू सांभाळणारा गस नावाचा म्हातारा होता. त्याने माझ्यावरून पाच नकला केल्या. माझ्यावरचा गंज चाळीस वर्षांचा आहे. त्यांच्यावरचा त्याने दुपारच्या सुट्टीत कॉफीने पाडला. पाठीवर लाल नेलपॉलिशने एक ते पाच आकडे घातले. मला तो 'आजोबा' म्हणे आणि त्यांना 'नातवंडं'. तबकात आम्ही सहाही शेजारी असायचो, पण कॅमेऱ्यापुढे जायची ती नातवंडे. दोन नंबरची नक्कल सर्वांत लाडकी. तिच्यावर पावडर लावायला एक वेगळी मुलगी होती.

"आजोबा, तोंड पाडू नका," गस म्हणायचा. "निवडणुकीच्या सिनेमात कुणीतरी बिल्ला फेकतंच. माझा हा चौथा. फेकलेला बिल्ला कोपऱ्यात जातो, हरवतो, पायाखाली येतो. तुम्हाला जपायचंय."

जपायचेय. बेचाळीस वर्षांत मला जपण्याशिवाय दुसरे काय केले होते कुणी?

तर त्या मंगळवारी दोन नंबरचा बिल्ला फेकला गेला, आणि मी डोरीनकडे पाहिले. ती दिग्दर्शकाच्या शेजारी खुर्चीवर बसली होती. तिचे डोळे भरले होते. टेबलावरच्या त्या कॉफी प्यायलेल्या पत्र्यासाठी. मी तबकात होतो, तिच्यापासून चार फुटांवर.

पहिल्या रांगेत स्टेला नोव्हाक होती. सभेचे प्रेक्षक म्हणून गावातलीच माणसे बसवली होती, आणि स्टेला तर त्या एकेचाळीसांपैकी. ती काठी टेकत डोरीनपाशी आली.

"काय गं डोरीन, एवढ्या जोरात फेकला होतास तू? मी तेव्हा तिसऱ्या रांगेत होते. मला कसा ऐकू आला नाही?"

"सिनेमा आहे, स्टेला."

"हो, ते दिसतंय. सिनेमातली डोरीन बरी आहे. खरी डोरीन दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता बिल्ला लावून हजर होती. मला म्हणाली, मिल स्ट्रीटची पन्नास घरं राहिलीत. मी गेले. तुझ्या बिल्ल्याकडे बघून गेले. माझ्या नवऱ्याचीही भट्टी तीच होती."

स्टेलाने डोरीनच्या हातातला डोनट अर्धा मोडून घेतला आणि जागेवर जाऊन बसली.

जेवणाच्या सुट्टीत मॅरेन टिस्डेल डोरीनजवळ आली. सिनेमातली डोरीन ती होती. अंगात तसाच तपकिरी कोट.

"डोरीन, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार."

"ती बाई मघाशी बोलली ते खरं? तुम्ही फेकला नव्हता?"

"नाही. पिन उघडली. बोटात घुसली. परत लावली."

"का?"

डोरीनने आपल्या अंगठ्याकडे पाहिले. "तेव्हा वाटलं, एकेचाळीस माणसं बघतायत. मी काढला तर ती काय करतील? आम्ही हरलो तर समोरचा माणूस भट्टी आणखी लवकर बंद करेल. असली बरीच कारणं होती. सगळी चांगली कारणं होती." मग ती म्हणाली, "तू सकाळी फेकलास ना, तेव्हा मला तुझा हेवा वाटला. इतका की तुझं तोंड बघवेना."

मित्रांनो, मी तबकात थंड पडलो. बेचाळीस वर्षे एका खणात मी एकटा जळतो आहे असे मला वाटत होते. ती फेकणारीवर जळत होती, आणि मी फेकल्या गेलेल्यावर. तिने त्या दिवशी मला फेकले असते तर दुसऱ्या सकाळी चर्चच्या झाडूवाल्याने मला कचऱ्यात भरले असते. हे कळत असूनही मला दोन नंबरचाच हेवा वाटत होता, आणि तिला मॅरेनचा.

मॅरेन उठली आणि दिग्दर्शकाकडे गेली. मॅलरी त्याचे नाव. तो उभ्यानेच सँडविच खात होता.

"मला एक शॉट तसा करायचाय. पिन उघडते, टोचते, परत लावते."

"आणि प्रेक्षकाला काय कळणार? बाईला टोचलं?" तो म्हणाला. "तिचं स्वप्न मोडलंय. ते दिसायला पाहिजे, त्याचा आवाज यायला पाहिजे."

"मोडलेलं लावूनच ती दुसऱ्या दिवशी कामाला गेली. हे जास्त वाईट नाही का?"

मॅलरीने सँडविच संपवले, घड्याळ पाहिले. "एक टेक. अगदी जवळून. गस, दोन नंबर आण."

"दोन नंबरला पिन नाही," गस म्हणाला. "पाचांपैकी कुणालाच नाही. मागे चुंबक आहेत. पिनेनं भाड्याच्या कोटाला भोकं पडली असती." मग तो तबकाकडे वळला. "चला आजोबा."

सव्वादोन वाजता मी मॅरेनच्या कोटावर होतो. कॅमेरा माझ्यापासून वीतभर अंतरावर आला. खोटे कशाला बोलू? त्या क्षणी मला डोरीनची आठवण नव्हती. मला फक्त दोन नंबर बघतो आहे की नाही ते पाहायचे होते. मॅरेनचा हात वर आला, माझी गंजकी पिन कडक झाली होती, तिने जोर लावला आणि पिन अंगठ्यात गेली. रक्त खरे होते. तिने ते चोखले, समोर पाहिले, आणि मला परत लावले.

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. पहिल्या रांगेत स्टेलाने काठीवर दोन्ही हात ठेवले आणि मान खाली घातली. डोरीनने डोळे मिटून घेतले होते. माझ्याकडे तिने पाहिलेच नाही.

मॅलरी म्हणाला, "बरं. दोन्ही ठेवू. कोणता घ्यायचा ते संकलनात बघू."

गसने मला कापसात गुंडाळून घरी पाठवले. मित्रांनो, तुमच्या घरात एखादा जुना बिल्ला सापडला तर पुढचे नाव वाचून हसू नका, आणि लगेच टाकूही नका. उलटा करून पिन बघा. गंजली असेल तर तेलाचा एक थेंब द्या. कुणाच्या तरी बोटाने ती कधीतरी उघडली असेल.

आज फेब्रुवारीची बारा तारीख. डोरीनने मला खणात परत टाकले नाही. चुलीजवळच्या खिडकीत ठेवले आहे. सोमवारी स्टेला येऊन गेली. कॉफी झाली, तिने मला उचलून पाहिले, माझी पिन उघडली आणि विचारले, "कोणता शॉट घ्यायचं ठरलं?" डोरीन म्हणाली, "त्यांनी अजून कळवलं नाही." स्टेलाने मला जागेवर ठेवले. पिन लावायची ती विसरली, आणि डोरीननेही अजून लावलेली नाही.