ढेकणांचं दिवाळं

संगमनेरच्या पेठेत मार्तंडपंतांचं पाटी-पुस्तकांचं दुकान होतं. माणूस लाखात एक, पण एक खोड मोठी वाईट. त्यांना कुणाला 'नाही' म्हणता येत नसे. त्यांची बायको सरोजिनी कपाळाला हात लावून म्हणे, "देवानं तुम्हाला बत्तीस दात दिले, पण तेवढा शब्द द्यायचा विसरला."

दिला असता, तर पंत मित्राच्या मोटार सर्व्हिसला जामीन राहिलेच नसते. लढाई पेटली, पेट्रोल मिळेना, मोटारी धूळ खात पडल्या आणि मित्र एके दिवशी गावातून नाहीसा झाला. कर्ज आसारामशेठचं होतं, साडेतीन हजारांचं. ते आता पंतांच्या बोडक्यावर बसलं.

वकील नृसिंहराव पंतांचे शाळासोबती. त्यांनी चैत्रातच सांगितलं होतं, "मार्तंडा, नगरच्या कोर्टात नादारीचा, म्हणजे दिवाळं निघाल्याचा, अर्ज कर. आसारामनं जप्ती आणली तर सगळं दुकान तो एकटा उचलून नेईल. तू आधी अर्ज केलास तर कोर्ट आहे ते सगळ्यांना सारखं वाटेल आणि तू सुटशील."

"सारखं म्हणजे किती?"

"रुपयाला चार आणे पडतील."

"छबूबाईलासुद्धा?"

"छबूबाईलासुद्धा. कायद्याला भाजीवाली काय आणि शेठ काय!"

इथेच घोडं अडलं होतं. समोर भाजी विकणाऱ्या छबूबाईचा पोस्टावर काडीचा विश्वास नव्हता. बारा वर्षं ती पै-पैसा पंतांकडे ठेवत आली होती. नव्वद रुपये झाले होते. त्या नव्वदांचे साडेबावीस करून तिच्या हातावर कुठल्या तोंडानं ठेवायचे? हा विचार आला की पंतांना घास गोड लागत नसे. म्हणून ते दिवस ढकलत राहिले. श्रावणात उपास होते, मग गणपती आले, मग पितृपंधरवडा लागला. पितरांच्या तोंडावर दिवाळं काढायचं म्हणजे काय!

शेवटी नृसिंहराव चिडले. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी पंतांना घरी बोलावून समोर बसवलं, अर्जावर सही घेतली, कोर्ट-फीचं तिकीट चिकटवलं आणि म्हणाले, "हा तुझ्याकडे ठेव. उद्या पहाटेच आपण दोघं नगरला जायचं. आता नाही म्हणू नकोस."

ते पंतांना येत नव्हतंच. अर्ज कोटाच्या खिशात घालून ते निघाले. जाताना छबूबाईला आपल्या तोंडानं सांगायचं, तिला कोर्टाकडून कळता कामा नये, एवढं त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

पेठेत वळले तर दुकानापुढे ही गर्दी! कोण गेलं की काय, म्हणून पंत धावले आणि जागच्या जागी थिजले. दुकानातली त्यांची बसायची गादी उलटी टाकलेली होती आणि तिच्यावर, भर बारा वाजता, दिवा जळत होता.

आता पेठेत वाढलेल्या पोरालाही याचा अर्थ विचारावा लागत नाही. जुन्या काळी व्यापारी बुडाला की गादी उलटी करून दिवसाढवळ्या दिवा लावायचा. दिवाळं म्हणतात ते त्यावरूनच. पंतांना वाटलं, सरोजिनीचा धीर सुटला. मी कोर्टात जायच्या आधी तिनंच जगाला सांगून टाकलं. बिचारीला किती सोसावं लागलं असेल, या विचारानं त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात आसारामशेठ धोतर सावरत, धापा टाकत घुसले. "पंत! दिवा लावायच्या आधी मला एक शब्द विचारायचा! चार आणे घेऊन मी काय तुमच्या पाट्या चाटू? दुकान चालू ठेवा, महिन्याला पन्नास द्या. सहा वर्षं लागू देत!"

"आणि व्याज?" पंतांनी हळूच विचारलं.

शेठ घुटमळले. सगळी पेठ कान टवकारून उभी होती. "सोडलं व्याज! जा!" ते ओरडले.

छबूबाई भाजीची पाटी तशीच टाकून आली होती. "पंत, माज्या पैशापायी दिवा लावला व्हय? म्या मागितलं हुतं का? चोरापासनं जपायला ठिवलं तुमच्याकडं. चोर काय गाव सोडून गेलं न्हाईत अजून!"

एवढ्यात आतून सरोजिनी आली. पदर खोचलेला, एका हातात उकळत्या पाण्याची किटली, दुसऱ्यात दाभण. "कसली ही गर्दी? सरा मागे! दिवा विझला तर दाभण कशावर तापवू? परवावर नवरात्र आलं, या गादीत आणि फळ्यांत ही ढेकणांची फौज, आणि तुम्ही मेले ऊन अडवून उभे!"

मग जो हशा उसळला तो पार नदीपर्यंत गेला असेल.

शेठचं तोंड पाहण्यासारखं झालं. "म्हणजे दिवाळं नाहीच?"

गप्प बसले असते तरी भागलं असतं. पण पंतांनी खिशातून कागद काढला. "आहे शेठ. खोटं कशाला बोलू? हा अर्ज. उद्या नगरला निघालो होतो."

शेठनी कागद वाचला, तिकीट पाहिलं, उगाच मान खाजवली. "मग आता जाणार?"

पंतांनी छबूबाईकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले.

सरोजिनीच्या हातातली किटली हिंदकळली. "अगंबाई! येतो की शब्द!"

"पण पन्नास महिन्याच्या महिन्याला हं!" शेठ बजावत राहिले, पण बोललेलं व्याज काही परत घेता येईना.

पंतांनी अर्जाची घट्ट सुरळी केली, दिव्यावर पेटवली आणि खालच्या फळीच्या फटीतून फिरवली. तडतड आवाज झाला. "अहो, तिकीट होतं त्याला!" सरोजिनी कळवळली.

छबूबाईनं कमरेची चंची सोडली आणि एक अधेली काढून पुढे धरली.

"गादी सुलटी करा की वो लवकर," ती म्हणाली. "हे आठ आणं ठिवायचं हायेत."