कोरड्या पेटीचा आळ

सलोनीच्या साखरपुड्यात धूर निघाला नाही आणि त्यासाठी टेम्पोवाला धोंडू चोर ठरला.

ठरवणारे भाई, म्हणजे सलोनीचे काका. हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. नवरा-नवरी ढगातून चालत यावीत ही हौस त्यांचीच. त्यासाठी लागणारा कोरडा बर्फ, म्हणजे पाण्यात टाकला की धूर सोडणारा गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, गोव्याहून येतो. आयत्या वेळी धावपळ नको म्हणून भाईंनी तो दोन दिवस आधीच आणवला आणि माशांच्या, झाकण फुटलेल्या थर्माकोलच्या पेटीत ठेवायला लावला. पेटी धोंडूच्या टेम्पोत राहिली. साखरपुड्याला सगळ्यांसमोर उघडली, तर आत काही नव्हते.

भाईंनी पेटीच्या तळावर बोट फिरवून ते मंडळींना दाखवले. "वितळला असता तर पाणी असतं. बोट कोरडं आहे. बर्फ विकला याने."

मंडळी देवबागची, बर्फात आणि मासळीत वाढलेली. पेटीतून पाणी ठिबकल्याशिवाय बर्फ संपलेला त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी माना डोलावल्या. त्यांचे चुकणे समजण्यासारखे होते. भाईंचे नव्हते. घन पदार्थ द्रव न होता थेट वायू होतो, त्याला संप्लवन म्हणतात, उदाहरण कापूर, हे त्यांनी दरवर्षी फळ्यावर लिहिले होते. मुलांनी ते पाठ केले, भाईंनी गुण दिले. ते फळ्याबाहेरही घडत असेल, अशी शंका त्यांना कधी आली नाही.

धोंडूला भाड्याचे काम देऊ नका, असे त्यांनी मालवणातल्या हॉलवाल्यांना फोन करून कळवले. ऐन लग्नसराईत टेम्पो दारात उभा राहिला. पुढे लग्नाच्या दिवशी दुसरा टेम्पो मिळेना, तेव्हा भाईंनी त्यालाच बोलावले. तो आला, पण अट घालून.

"बर्फ पोचलो तर सगळ्यांसमोर सांगूचा, धोंडू चोर न्हय."

"पोचेलच. या वेळी मी सोबत आहे."

भाईंनी गोव्यातल्या दुकानात बर्फ स्वतःसमोर तोलून घेतला. पेटीला साखळी गुंडाळून कुलूप लावले, ती केबिनमध्ये पायांशी ठेवली, किल्ली खिशात टाकली. धूळ नको म्हणून काचा वर करायला लावल्या. मग थोड्या थोड्या वेळाने कुलूप काढून, पेटीत तोंड घालून ते तुकडे मोजू लागले. दर खेपेला तुकडे लहान दिसत आणि भाई धोंडूकडे संशयाने बघत. धोंडूचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते.

आरोंदा सोडल्यावर पेटीत गेलेले तोंड वर आलेच नाही. धोंडूने ब्रेक मारला, स्वतःचे डोके गरगरत असताना भाईंना ओढून बाहेर काढले आणि वाऱ्यावर बसवले. बंद केबिनमध्ये बर्फातून निघालेला वायू श्वासाची हवा हटवतो, माणूस मरू शकतो. शुद्धीवर आलेल्या भाईंनी पित्ताचे निदान केले.

हॉलवर पेटी उघडली. तळाशी मूठभर चुरा होता.

"दुकानदाराने कमी दिला," भाई म्हणाले.

"वजन तुमीच केलास," धोंडू म्हणाला. "पेटी कोनाच्या पायाकडे होती?"

"माझ्या."

"किल्ली?"

"माझ्याकडेच."

"मगे बर्फ खंय गेलो?"

पुढच्या रांगेतून सलोनीची माई आजी ओरडली, "भाई, वाटेत खाल्लंस काय रे?"

हॉल हसला. चोराचा पडतो तसा भाईंचा चेहरा पडला, मग एकाएकी त्यांना शाळा आठवली. त्यांनी माइक घेतला आणि संप्लवन समजावले, कापरासकट. ऐकणाऱ्याला वाटावे, हे त्यांना साखरपुड्यालाही ठाऊक होते.

"आता माजा नाव घेवा," धोंडू खालून म्हणाला.

"नावाचा काय संबंध? ही शास्त्रीय बाब आहे."

"चोर म्हणताना शास्त्र खंय होता?"

दारात शालू सावरत उभी असलेली सलोनी म्हणाली, "काका, नाव घ्या. तोवर मी आत येणार नाही."

भाईंनी भिंतीकडे बघत, भरभर म्हटले, "धोंडूने बर्फ चोरला नव्हता." आणि लगेच, "मात्र पेटीचं झाकण त्याने नीट लावायला हवं होतं."

हॉलच्या मालकाने तिथेच धोंडूला पुढच्या लग्नाचे टेम्पोचे काम दिले. भाईंना घरी सोडायला टेम्पो थांबला नाही.