नदीला फाटे फुटले तिथं

धाकट्याला जाऊन वर्ष व्हायच्या आतच त्याच्या तुकडीनं गोळा केलेला डेटा ताईच्या टेबलावर आला.

बहीण-भाऊ एकाच तेल कंपनीत. तो माळावर हादरे टिपणारे जिओफोन ओळीनं रोवायचा. अवजड ट्रक जमीन हादरवायचे, आणि खोलवरच्या थरांवरून परतलेले पडसाद ही ऑफिसात बसून वाचायची. "आम्ही उन्हात जमिनीचं पोट बडवायचं, आणि तू एसीत बसून तिला काय दुखतंय ते सांगायचं!" असं तो चिडवायचा. एका दुपारी घळीच्या काठावरून त्याची जीप खाली कोसळली. सर्वेक्षण तिथंच थांबलं.

"दुसऱ्या कुणाला देऊ का?" साहेबांनी विचारलं.

"नको. मीच करते."

छातीवर दगड ठेवून ती थरामागून थर खाली उतरत गेली. एका सकाळी पडद्यावर नदी उमटली. लाखो वर्षांपूर्वी गाडली गेलेली, ऐसपैस वळणं घेत समुद्रापर्यंत आलेली. मुखाशी तिला फाटे फुटत होते, आणि नेमका तिथंच एक काळा चौकोन होता. तिथली नोंदच नव्हती. ती घळ तिथलीच.

"आजूबाजूच्या नोंदींवरून भरून टाक," साहेब म्हणाले. "सॉफ्टवेअर करतं की."

"करतं, पण ते खरं नसतं."

"मग पुन्हा तुकडी पाठवायची?"

पुन्हा कुणाचा तरी भाऊ त्या घळीत उतरणार. "नको," ती म्हणाली. चौकोनातले फाटे तिनं तुटक रेषेनं काढले, अंदाज म्हणून. तेलाची विहीर चौकोनाबाहेर, जिथं तेल धरून ठेवणारा नदीच्या वाळूचा थर स्पष्ट दिसत होता, तिथं सुचवली.

वाळू लागली. तिनं सांगितलं होतं त्याच खोलीवर, भरपूर. पण तेलाचा थेंब नाही. नुसतं खारं पाणी. कंपनीनं तो भाग सोडून दिला.

"त्या चौकोनाखाली असेलही," साहेब हळूच म्हणाले. "पण आता कोण खणतंय?"

घरी बाबा खिडकीशी बसून जुन्या कोटाची शिवण उसवत होते. शिंपीकाम सुटलं तरी हात स्वस्थ बसत नव्हते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "लागलं का काही?"

"नाही, बाबा. पाणी लागलं. खारं."

"म्हणजे तू म्हणत होतीस ती नदी होती तर."

"होती. मोठी होती."

"तू बघितलीस?"

"हो."

बाबांनी चष्मा काढला. "त्यानं बघायला हवी होती गं. एवढं राबला, आणि आपण काय शोधतोय ते एकदाही दिसलं नाही पोराला."

स्मशानातसुद्धा न रडलेली ताई आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. बाबा शिवण उसवत राहिले. कात्री भलत्याच टाक्यांवर पडत होती.