रिकाम्या खान्याचं रीडिंग

माझ्या नवऱ्याकडे परवाना आहे आणि माझ्याकडे हात आहेत. तेरा वर्षं आमचा धंदा एवढ्याच भांडवलावर चालला. नकाशा मी काढायचा, पॅनेल मी जोडायचं, काम संपलं की मेगर लावून एकेक सर्किट मी तपासायचं, आणि आलेल्या आकड्यांच्या तक्त्याखाली 'वरील सर्व चाचण्या मी स्वतः केल्या आहेत' या छापील ओळीपुढे त्याने झोकात सही ठोकायची. सही मात्र त्याची खरंच सुरेख आहे. कॉलेजात तीन वर्षं त्याने बहुधा तेवढाच सराव केला असावा.

आम्ही एकाच वर्गातले. इलेक्ट्रिशियनच्या त्या वर्गात मी एकटीच मुलगी, आणि दोन्ही वर्षं पहिला नंबर माझा. तो मागच्या बाकावरून माझ्या वह्यांवर डोळा ठेवून असायचा. वह्या मागता मागता त्याने मलाच मागितलं. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मला दिवस राहिले, तेव्हा म्हणाला, "सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. मी पास होतो, मग तू आरामात पूर्ण कर." पास तो माझ्याच वह्यांवर झाला. लेक आता चौदा वर्षांची आहे आणि माझे सहा महिने अजून संपलेले नाहीत.

यंदा पुन्हा कॉलेजात जायचं ठरवलं, त्याला निमित्त साधंच घडलं. एका दुकानाचं पॅनेल जोडत होते. वीज खात्याचा तपासनीस आला, परवाना मागितला, आणि नवरा येईपर्यंत त्याने मला पाऊण तास बाहेरच्या पायरीवर बसवून ठेवलं. नवरा आला, परवाना दाखवला, चार शब्द हसून बोलला आणि मला म्हणाला, "तू जा घरी, मी बघतो." आत पॅनेल उघडं पडलेलं, आणि त्यातली कुठली वायर कुठून कुठे जाते हे त्याच्या वाडवडलांनाही सांगता आलं नसतं. त्या पाऊण तासात माझ्या डोक्यात जे शिरलं ते शिरलंच.

सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "लेकीच्याच वर्गात नाव घाल की. दोघींना एकच डबा पुरेल." मी हसले. हसण्यावारी न्यायची सवयच लागली होती.

कॉलेजच्या ऑफिसातल्या कारकूनबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "दहा वर्षांवर गेलं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, तीन वर्षं. पण एक सोय आहे. परवानावाल्या कुणीतरी लिहून द्यायचं, की या बाईंनी माझ्याकडे पाच वर्षं वायरिंगचं किंवा तपासणीचं काम केलंय. मग थेट शेवटच्या परीक्षेला बसता येतं. आहे का कुणी ओळखीचं?"

"आहे," मी म्हटलं. "घरातच आहे."

घरातला म्हणाला, "वेड लागलंय का तुला? तपासणी तू केलीस असं लिहून देऊ? प्रत्येक तक्त्यावर 'मी स्वतः' असं छापलंय आणि खाली माझी सही आहे. उद्या कुणी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले की माझा परवाना गेलाच."

त्याचं म्हणणं खरं होतं, हीच तर चीड होती. मी म्हटलं, "बरं, तपासणीचं सोड. नुसतं वायरिंगचं लिही."

त्याने कपातला चहा ढवळला. मग म्हणाला, "मग लोक विचारतील, हा काय करतो?"

"काय करतोस?"

तो कप घेऊन उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्यानंतर दोन आठवडे आमच्यात मीठ-साखर कुठे आहे यापलीकडे बोलणं झालं नाही.

तेव्हा एका दवाखान्याचं मोठं काम संपत आलं होतं. वायरिंग सगळं माझ्या हातचं. तपासणीची वेळ आली तेव्हा मी काखा वर केल्या. "सही तुझी असते ना, चाचण्याही तूच कर." तो तणतणत मेगरची पेटी घेऊन गेला. मेगर म्हणजे केबलचं आवरण कुठे फाटलंय का, गळती आहे का, ते सांगणारं यंत्र; आकडा मोठा तर आवरण धड, शून्याकडे गेला तर गळती. संध्याकाळी परत आला आणि भरलेला तक्ता माझ्यापुढे टाकला. "एकदा नजर टाक. उद्या ताबा द्यायचाय."

मी नजर टाकली. बारा सर्किटं आणि बाराच्या बारांसमोर एकच आकडा, दोनशे.

"सगळ्यांना दोनशे?"

"नवी केबल आहे. चांगलीच असणार."

"बारा नंबरला कुठली केबल आहे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तक्त्याकडे. पॅनेलमधला बारा नंबरचा खाना रिकामा होता. पुढेमागे काही वाढवायचं झालं तर असावा म्हणून मीच तो मोकळा ठेवला होता. त्यात वायर नव्हती, काहीच नव्हतं. पठ्ठ्याने त्याचंही रीडिंग घेतलं होतं! मी पेटी उघडून पाहिली. यंत्राच्या तारांना मी घातलेली गाठ जशीच्या तशी होती.

"ऐक," तो एकदम मऊ झाला. "उद्या सकाळी तू जाऊन ये. पत्र देतो तुला. लेकीची शपथ, देतो."

त्याने शपथ घेतली नसती तरी मी गेलेच असते. तिथे आजारी माणसं येणार होती आणि भिंतीतल्या केबली माझ्या होत्या. माझा हा कमकुवतपणा त्याला तेरा वर्षांपासून तोंडपाठ आहे.

सकाळी आम्ही दोघं गेलो, तर दवाखान्याच्या दारातच डॉक्टर भेटले. माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून म्हणाले, "काय वहिनी, साहेबांचा डबा वाटतं?" साहेब हसले. पिशवीत मेगर होता. मी डॉक्टरांना नमस्कार केला आणि आत गेले.

पहिली सहा सर्किटं ठीक निघाली, कुठे एकशे चाळीस, कुठे एकशे नव्वद. खरे आकडे असेच येतात, एकाला दुसऱ्याची पर्वा नसते. सातव्याला काटा शून्याकडे कलला. दीड तास शोधलं, तेव्हा सापडलं. उपकरणं उकळायच्या खोलीत सुताराने माझं काम झाल्यावर फळी ठोकली होती आणि तिचा स्क्रू थेट केबलमध्ये घुसला होता. दिवसभर ओल्या हातांनी वावरायची खोली! केबल काढली, नवी ओढली, पुन्हा मोजलं. दुपारी खरा तक्ता भरला. बारा नंबरसमोर 'रिकामा' असं लिहिलं. त्याने खाली सही केली.

डॉक्टरांनी त्याचा हात हातात घेतला. "इतकं बारकाईने कोण बघतं हो हल्ली!"

"आपल्याला वरवरचं काम जमतच नाही, डॉक्टर," तो म्हणाला. मी वायरीचे तुकडे गोळा करत होते.

दुसऱ्या दिवशी त्याने पाकीट दिलं, चिकटवलेलं. "बंदच द्यायचं असतं ऑफिसात," म्हणाला. मी ते छातीशी धरून नेलं. आता कबूल करायला लाज वाटते, पण वाटेत मी शेवटच्या परीक्षेच्या तारखेचा विचार करत होते.

कारकूनबाईंनी पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पुढेपुढे त्यांचा आवाज लहान होत गेला. "...सामान मोजणे, वायरी गुंडाळून ठेवणे, कामगारांचे चहापाणी पाहणे, अशी मदत माझ्या पत्नी गेली तेरा वर्षे हौसेने करत आल्या आहेत." त्यांनी कागदाची घडी घातली. "यात काही बसत नाही हो, बाई."

हौसेने! तो शब्द कानशिलात बसल्यासारखा लागला. तेरा वर्षं हातांना पडलेले घट्टे, भाजलेली बोटं, आणि हौसेने.

जुने तक्ते माझ्या कपाटात होते. प्रत्येक आकडा माझ्या अक्षरात. ते आणून टेबलावर मांडले असते तर त्याच दिवशी त्याचा परवाना गेला असता. मी तो विचार केला नाही असं नाही. पण परवान्याशिवाय तेरा वर्षं चाचण्या केल्या म्हणून मलाही जन्मात परवाना मिळाला नसता. मला गप्प बसवायला त्याला काही करावंच लागलं नव्हतं, कामच तसं बांधलेलं होतं. मी मूग गिळले.

"पहिल्या वर्षाचा फॉर्म द्या," मी म्हटलं. अनुभवाच्या रकान्यात 'नाही' असं लिहिलं.

घरी आल्यावर तो म्हणाला, "रागावलीस होय? जरा सांभाळून लिहिलं, एवढंच."

"पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने बाहेरच्या कामाला हात लावायचा नाही, असा कॉलेजचा नियम आहे," मी म्हटलं. "आजपासून मी लावणार नाही."

"बघू किती दिवस टिकतंय," तो म्हणाला. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला.

पहिल्या वर्षाला विजेची तारही दाखवत नाहीत. आधी लोखंडाचा तुकडा कानशीने घासून चौकोनी करायचा, चारही कोन बरोबर येईपर्यंत. सतरा-अठराच्या पोरापोरींत उभी राहून मी महिनाभर तेच करत होते. सर मला एकदा म्हणाले, "घाई करू नका, सवय होईल." मी "हो सर" म्हटलं आणि त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडले.

मग एका दुपारी वर्कशॉपात फोन आला. पलीकडे तो. नव्या दुकानाचं मेन सारखं ट्रिप होऊन वीज जात होती, दोन तास झाले होते. फोनवर हात ठेवून तो कुणाला तरी सांगत होता, "आमच्या इंजिनिअरला विचारतोय, एक मिनिट." मग मला, हळूच, "न्यूट्रल आधी सोडवू का अर्थिंग? मालक डोक्यावर उभाय. लवकर सांग."

मला उत्तर माहीत होतं. ऐकता ऐकताच माहीत झालं होतं.

"मेन बंद कर," मी म्हटलं, "आणि बंदच ठेव. कशालाही हात लावू नकोस. परवाना असलेल्या माणसाला बोलावून घे."

मग, फोन कानाला तसाच धरून, तो मालकाला म्हणाला, "छे, लागतच नाहीये फोन."