चारशे बारा आत आहे

"बाई, मी गेलो की माझा बिल्ला त्या डब्यात टाकू नका. तुमच्या हाताने काढा आणि पोरीच्या हातात द्या. तिला सांगा, बाप रोज वेळेत यायचा."

क्रेनमामांनी हे मला खिडकीतून सांगितलं, तेव्हा मी एका निवृत्त झालेल्या फिटरचा बिल्ला बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकत होते. आमच्याकडे तशीच पद्धत आहे. माणूस गेला की बिल्ला डब्यात, आणि नवीन माणूस आला की तोच घासून त्याच्या नावावर. मी म्हणाले, "मामा, सकाळी सकाळी हे काय बोलणं?" ते म्हणाले, "तुम्ही हो म्हणा, मी वर जातो." वर म्हणजे क्रेनच्या केबिनमध्ये. मी हो म्हणाले.

मी फाटकाजवळच्या बिल्लाखोलीत बसते. भिंतीवर दोन फळ्या आहेत, एकीवर 'बाहेर' आणि एकीवर 'आत'. माणूस आला की आपला पितळी बिल्ला 'बाहेर'वरून काढून 'आत'च्या खिळ्याला लावतो, जाताना परत. भोंगा झाल्यावर 'बाहेर'च्या फळीवर जे बिल्ले उरतात ते त्या दिवशीचे गैरहजर. तेवढेच मी वहीत लिहिते. एकोणीस वर्षं हेच काम करते आहे. त्यात अक्कल फारशी लागत नाही, डोळे मात्र उघडे लागतात.

पहाटे प्रार्थना झाली की मी रोज दोन गोष्टींचा नेम घेते. आज खोटं बोलणार नाही, आणि आज कुणाचं वाईट बोलणार नाही. दुपारचे बारा वाजेपर्यंत काही खातही नाही. त्या रविवारी यातला दुसरा नेम फार जड गेला, म्हणून मी इथे जे दिसलं तेवढंच सांगते.

आमच्या युनियनच्या मनोरंजन मंडळाचा वार्षिक गौरव आणि शिष्यवृत्तीचा नाश्ता दरवर्षी कारखान्याच्या कँटीनमध्येच होतो. पुढच्या तीन टेबलांवर पांढरी चादर, फुलदाणी आणि फळांच्या बशा होत्या. मागच्या टेबलांवर चादर नव्हती आणि फळंही नव्हती. पाव, लोणी, उकडलेली अंडी आणि चहा मात्र सगळ्यांना होता. सरचिटणीसांनी सुरुवातीलाच सांगितलं की हा समतेचा उत्सव आहे. ते हे सांगत असताना खजिनदारांच्या सौभाग्यवती द्राक्षांच्या घडातली बरी बरी द्राक्षं निवडून पर्समधल्या डब्यात भरत होत्या.

मी नाश्त्याला गेले नव्हते. माझ्या पिशवीत एक पत्र होतं, त्यासाठी गेले होते. क्रेनमामांच्या मुलीने शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता. तिला रक्त तपासायचं शिक्षण घ्यायचं होतं, प्रवेश मिळालेला होता आणि जागा धरून ठेवायची शेवटची तारीख सोमवार होती. अर्जाला उत्तर आलं ते एवढंच: 'सदर सभासद हयात नसल्याने अर्ज विचारात घेता येत नाही.' खाली सरचिटणीसांची मोठी, वळणदार सही. मुलगी पत्र घेऊन माझ्या खिडकीशी आली, रडली नाही. म्हणाली, "मावशी, बाबा गेले म्हणून तर मागितली होती ना?" मी तिला म्हणाले, "रविवारी मी बोलते. काय होईल ते मी स्वतः घरी येऊन सांगेन."

सरचिटणीसांना मी दारातच गाठलं. ते फोनवर बोलत होते. पत्र दाखवलं तर त्यांनी स्वतःची सही पाहिली, मजकूर नाही.

"बाई, आधी नाश्ता करा. पोट भरलं की सगळं सुचतं."

"माझा उपवास असतो बारापर्यंत."

"मग चहा घ्या. नंतर बघू आपण."

ते 'नंतर बघू' अशा सुरात म्हणतात की समोरच्याला आपलंच काहीतरी चुकल्यासारखं वाटावं.

मी मागे तेलवाल्याच्या शेजारी जाऊन बसले. तेलवाला म्हणजे सगळ्या यंत्रांना तेल घालणारा, क्रेनमामांचा जुना सोबती. त्याने माझ्या रिकाम्या ताटलीकडे पाहून स्वतःचं अंडं सोलत म्हटलं, "तुमचं पण मीच खातो. फुकट जायला नको. तिकडे पुढे तर ते शोभेला ठेवलेलं सफरचंदसुद्धा सोडणार नाहीत."

गौरव सुरू झाले. उत्कृष्ट खेळाडूची ढाल सरचिटणीसांच्या मेहुण्याला मिळाली. हा कॅरम खेळतो, आणि हरला की बोर्ड हलला म्हणतो. आदर्श कार्यकर्ता खजिनदार. गेल्या वर्षीही तेच होते, त्याच्या आदल्या वर्षी उपाध्यक्ष होते, आणि दोघे दरवेळी एकमेकांचं कौतुक करताना भावुक होतात. मग शिष्यवृत्त्या. पहिल्या दोन मिळाल्या उपाध्यक्षांच्या मुलींना, तिसरी त्यांच्या भाच्याला. भाचा लग्नसमारंभ कसे करायचे याचं शिक्षण घेत होता. त्याने मंचावर येऊन मोबाईलवर स्वतःचाच व्हिडिओ काढत आभार मानले.

"शिकलेली पोरं," तेलवाला म्हणाला. "आता आपली मढी पण नीट सजवून नेतील."

"असं बोलू नये," मी म्हणाले.

"तुमचा नेम आहे, माझा नाही."

मग सरचिटणीसांनी घसा साफ केला. "आणि आता या वर्षीपासून सुरू केलेला नवा सन्मान. संपूर्ण वर्षात एकही दिवस गैरहजर न राहिलेला कामगार. एकही दिवस नाही. आजच्या काळात अशी माणसं उरली आहेत, हे आपल्या युनियनचं यश आहे." कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. "बिल्ला क्रमांक चारशे बारा."

तेलवाल्याच्या हातातलं अंडं तसंच राहिलं.

चारशे बारा म्हणजे क्रेनमामा.

आठ महिन्यांपूर्वी ते केबिनमध्ये बसल्या बसल्या गेले. खालच्या लोकांना वाटलं, इशाऱ्याची वाट बघत आहेत. अर्धा तास खालून हाका मारल्या, शिव्याही दिल्या, हुकाला टांगलेला लोखंडी ठोकळा जागच्या जागी लटकत राहिला. शेवटी तेलवाला शिडीने वर चढला. दोर लावून त्यांना उतरवलं आणि रुग्णवाहिका मागच्या दाराने गेली. माझ्या फाटकातून ते बाहेर पडलेच नाहीत. त्यांचा बिल्ला 'आत'च्या फळीवर राहिला. कारखान्याचे साहेब म्हणाले, चौकशी होईपर्यंत हात लावू नका. चौकशी महिन्याभरात संपली. मला कुणी काही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. रोज सकाळी सगळे बिल्ले पुसताना मी तोही पुसत होते. तिथे होता तोवर मामा वरती होते, आणि संध्याकाळी शिडी उतरून खिडकीशी येतील असं उगाच वाटायचं.

'बाहेर'च्या फळीवर त्यांचा बिल्ला कधीच उरला नाही, म्हणून माझ्या वहीत त्यांची गैरहजेरी कधीच पडली नाही. वर्षभर रकाना कोरा. महिन्यापूर्वी मंडळाचा कारकून येऊन वही चाळून गेला होता, मी दुपारच्या प्रार्थनेला बसले होते तेव्हा. त्याने कोरा रकाना पाहिला, समोरचा आकडा लिहून घेतला, आणि तो आकडा कोण हे विचारायची गरज कुणालाही वाटली नाही. शिष्यवृत्तीच्या समितीसाठी मामा मेलेले होते, गौरवाच्या समितीसाठी जिवंत. दोन्ही समित्या एकाच चादरीच्या टेबलावर बसून एकाच बशीतली केळी खात होत्या.

"चारशे बारा?" सरचिटणीसांनी पुन्हा पुकारलं. कुणी उठलं नाही. मागच्या टेबलांवर निम्म्यांना माहीत होतं, पण तेही गप्प. सरचिटणीस हसले. या हसण्यावर ते तीन वेळा निवडून आले आहेत. "बघा. मी म्हटलं ना? आजही कामावर असतील."

रविवार होता. कारखाना बंद होता. तरी टाळ्या पडल्या.

मी उठले. तेलवाला म्हणाला, "जा. पण ओरडून बोला, तुमचा आवाज मेला गादीखालून आल्यासारखा येतो."

मंचावर गेले तेव्हा सरचिटणीसांना वाटलं, मी चारशे बाराच्या वतीने घ्यायला आले आहे. ढाल माझ्या हातात देऊ लागले. मी हळूच म्हणाले, "ते गेले. आठ महिने झाले. आणि ते गेले हे तुम्हीच लिहून दिलंय." मी पत्र पुढे केलं.

या वेळी त्यांनी मजकूर वाचला. चेहरा एका क्षणात गोळा झाला आणि दुसऱ्या क्षणी परत पसरला. माईकवर हात ठेवून त्यांनी त्याचं बटण दाबलं.

"बाई, हे आता इथे नको. शोभत नाही. तुम्ही त्यांच्या वतीने ढाल घ्या, फोटो होऊ द्या. मुलीच्या अर्जाचं मी उद्या सकाळी करून टाकतो. शब्द."

ढाल माझ्या हातात होती. खाली कोरलेलं होतं: बिल्ला क्र. ४१२, निष्ठावान उपस्थिती. खरं सांगायचं तर त्या कँटीनमध्ये दिलेल्या सगळ्या ढालींमध्ये ही एकच योग्य माणसाच्या नावावर होती. बावीस वर्षं मामा भोंग्याच्या दहा मिनिटं आधी यायचे. मी एकदा हसले असते तर फोटो निघाला असता. आणि उद्या सकाळी कदाचित, कदाचित, त्या मोठ्या वळणदार सहीने आणखी एका कागदावर वळण घेतलं असतं. मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मग मी तिला जाऊन काय सांगितलं असतं? तुझा बाप जिवंत आहे असं मी सगळ्यांसमोर म्हणाले, म्हणून तुला शिकायला मिळतंय?

आठ महिने मी हेच तर करत होते. तोंडाने नाही, खिळ्याने. रोज पहाटे नेम घ्यायचा आणि सहा वाजता जाऊन पितळी खोटं फडक्याने चमकवायचं. पुढच्या टेबलांकडे बघून माझ्या मनात जे येत होतं, त्यातलं थोडं माझ्याही वाट्याचं होतं.

मी माईकसमोर झाले. "चारशे बारा नंबरचे क्रेनमामा आठ महिन्यांपूर्वी कामावर असताना गेले. त्यांचा बिल्ला मी हलवला नाही. ती चूक माझी. ते हयात नाहीत म्हणून त्यांच्या मुलीला शिष्यवृत्ती नाकारली, आणि ते हजर आहेत म्हणून आज त्यांना ढाल दिली. दोन्हींतलं एक तरी मागे घ्या. मुलीची मुदत उद्या संपते."

माईक बंद होता, हे मला बोलून झाल्यावर कळलं. चादरीच्या तीन टेबलांनी मात्र सगळं ऐकलं. उपाध्यक्षांनी रुमालाने तोंड पुसलं. खजिनदारांच्या सौभाग्यवतींनी पर्सची चेन लावली. भाचा व्हिडिओ काढत होता, तो थांबला. मागच्या टेबलांना नुसते माझे हलणारे ओठ दिसले असणार, कारण मी थांबले तशा तिकडून टाळ्या पडल्या. चांगल्या जोरदार.

"छान बोललात," सरचिटणीस माईक चालू करून म्हणाले. "हे आपल्या हजेरी विभागाचं प्रेम." मग बटण पुन्हा बंद करून, ओठ न हलवता, "तुम्हीच वाट लावलीत, बाई. मी करणार होतो."

करणार नव्हते. हे मी एकोणीस वर्षं त्यांना बघते म्हणून म्हणते. तरीही हे शब्द आता माझ्याबरोबर राहतील, आणि मुलीलाही मी ते सांगणार आहे, लपवणार नाही.

ढाल मी टेबलावर ठेवली. कारकुनाने ती पटकन उचलून खोक्यात भरली. "खालची पट्टी बदलली की चालेल," तो खजिनदारांना म्हणत होता, "पुढच्या वर्षी."

दाराशी तेलवाला आला. मी बोलायला उभी राहिले, तेव्हाच तो टेबलं ओलांडून पुढे आला होता म्हणे.

"आता पोरीचं काय?"

"माहीत नाही. उद्या तिच्याबरोबर तिच्या कॉलेजात जाते, मुदत वाढवून मागते. मग बघू."

"तुमचं पण 'बघू'च का?"

"माझं वेगळं. मी जाणार आहे."

त्याने हात पँटला पुसले. मग म्हणाला, "मीही येतो उद्या. दोघं असलेले बरे. मी ओरडेन, तुम्ही शहाण्यासारखं बोला."

बिल्लाखोलीचं कुलूप उघडलं तेव्हा अकरा वाजले होते. सुट्टीचा दिवस, त्यामुळे 'बाहेर'ची फळी गच्च भरलेली होती. 'आत'च्या फळीवर ओळीच्या ओळी रिकामे खिळे होते आणि मध्ये एकच बिल्ला. मी वही उघडली. आठ महिन्यांपूर्वीचं पान काढलं आणि चारशे बाराच्या रकान्यात त्या दिवशीची तारीख घालून लिहिलं, 'कामावर असताना निधन'. खाली सही केली, आणि आजची तारीखही टाकली, म्हणजे उशीर किती झाला ते कुणालाही दिसेल. साहेबांनी विचारलं तर मी उत्तर देईन.

मग बिल्ला काढला. खिळ्याभोवती फळीवर त्याच्या गोल आकाराची फिकट खूण राहिली होती. फडक्याने पुसायला गेले, पण ती निघाली नाही. बिस्किटांचा डबा फळीखाली होता. तो मी पायाने जरा मागे सारला.

बिल्ला स्वच्छ रुमालात बांधून पिशवीत ठेवला, पत्राशेजारी. मामांचं घर वीस मिनिटांच्या वाटेवर आहे. ते रोज चालत यायचे. तेलवाला सायकल घेऊन फाटकाशी उभा होता, म्हणाला, "सोडतो, बसा मागे."

"नको," मी म्हणाले. "मी त्यांच्यासारखीच जाते."

फाटकातून बाहेर पडताना सवयीने मी फळ्यांकडे वळले, माझा बिल्ला 'बाहेर'वर लावायला. सुट्टी असल्याने तो 'बाहेर'वरच होता. मी पिशवी छातीशी धरली आणि रस्त्याच्या कडेने चालायला लागले.