पाहुण्यांचा टॉवेल

मी टॉवेल बोलतोय. बोलतोय खरा, पण जरा तोंड लपवूनच. कृपा करून माझ्या डाव्या कोपऱ्याकडे बघू नका. तिथे वंगणाचा काळा डाग आहे आणि काठ कात्रीने कापलेला आहे. तो कोपरा आत घेऊन घडी घातली, तर मी अजूनही बरा दिसतो.

माझा जन्म यंत्रमागावर झाला. तिथे इतका खडखडाट, की दचकायची सवय मला तेव्हापासूनचीच. मग पारदर्शक पिशवी, दुकानातलं फडताळ, आणि शेवटी एका आत्याच्या हातून या घरात आलो.

"अगंबाई, केवढा मोठा! हा पाहुण्यांसाठी ठेवू," घरातली आई म्हणाली आणि माझी रवानगी कपाटाच्या वरच्या कप्प्यात झाली. पाहुणे यायचे, जेवायचे, जायचे. अंघोळीला कुणीच थांबलं नाही. माणसं चांगल्या वस्तू नेमक्या कुणासाठी जपतात, हे मला त्या कप्प्यात पडून कधी उमगलं नाही.

मला बाहेर काढलं ते धाकट्या लेकीनं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढते. दिवसभर दुसऱ्याच्या डोळ्यांत बघते, पण स्वतःकडे कुणी जरा निरखून पाहिलं की कानकोंडी होते.

झालं असं, की एकदा जेवताना वहिनी सहज म्हणाली, "तुला काय गं, जिना चढलीस तरी धाप लागते." आणि हिच्या तोंडून निघून गेलं, "मी ट्रायथलॉन करणार आहे."

"ते काय असतं?" बाबांनी विचारलं.

"आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग धावायचं. मध्ये थांबायचं नाही."

"तिन्ही? अगं, आधी एक तरी धड कर की!"

सगळे हसले. तीही हसली, पण ताटात बघून. माझं कपाट त्याच खोलीत होतं, म्हणून मला हे माहीत.

दुसऱ्या दिवशी तिनं मला खाली ओढलं आणि अंगाला लावून पाहिलं. खांद्यापासून थेट पोटऱ्यांपर्यंत. तिला तेवढंच हवं होतं.

तलावावरचे पहिले दिवस आठवले की मी आजही आकसतो. कपडे बदलायच्या खोलीपासून पाण्यापर्यंत ती मला लपेटून भिंतीच्या कडेकडेनं यायची. काठावर बसायची, पाय पाण्यात, मी अंगावर. अगदी शेवटच्या क्षणापर्यंत मला सोडायची नाही. एकदा शिकवणाऱ्या सरांनी अचानक शिट्टी फुंकली, ती दचकली, आणि आम्ही दोघंही धपकन पाण्यात.

"टॉवेललाही शिकवायचंय का पोहायला?" सर म्हणाले. सगळा काठ खिदळला. मी पाणी पिऊन दगडासारखा जड झालो. तिला मला उचलवेना, आणि मान वर करवेना.

पोहणं तरी कसलं? अर्ध्यातच श्वास संपायचा, मग पाण्यातल्या रांगा आखणाऱ्या दोरीला लटकायचं. शेजारून कुणी गेलं की "सॉरी." एकदा दोरीवर हात आपटला, तर दोरीलाच "सॉरी" म्हणाली. बाहेर आली की माझ्यात तोंड खुपसायची. लोकांना वाटायचं, चेहरा पुसतेय. तिचे खांदे हलायचे, ते फक्त मला कळायचं.

तिचं माझ्यावाचून अडत होतं, हे माझं सुख. कशासाठी अडत होतं, ती माझी लाज. दोन्ही एकाच घडीत होती.

मग सरावाची चाचणी आली. अंतरं छोटी, पण तिन्ही प्रकार एकापाठोपाठ. ती पार पडली तरच सर तिचं नाव स्पर्धेला देणार होते. आणि घरी तर ती सगळ्यांना सांगून बसली होती.

अंगात तिन्हींना चालणारा एकच घट्ट पोशाख. पाण्यातून निघाल्यावर बाकीचे सरळ सायकलींकडे धावले. हिनं आधी मला उचललं, कमरेला गुंडाळून घट्ट गाठ मारली आणि मगच सायकलवर बसली. ओल्या अंगानं, तशा पोशाखात, भर रस्त्यातून कसं जायचं?

वळणावर माझा कोपरा साखळीत गेला. गाठ पक्की, त्यामुळे मी सुटेना. साखळी मला ओढतेय, मी तिला ओढतोय. दुसऱ्या क्षणी सायकल, ती आणि मी, तिघंही आडवे.

फळांच्या गाडीवरची बाई धावत आली. "लागलं का गं पोरी?"

"नाही, नाही, काहीच नाही. सॉरी हं." गुडघ्यातून रक्त येत होतं, आणि ही मला खेचून मांड्या झाकत होती.

सर आले. कुणाकडून तरी कात्री आणवली आणि एक शब्द न बोलता माझा काठ कापला. त्यांचं ते न बोलणं कात्रीपेक्षा जास्त लागलं.

"सर, माझं नाव नका देऊ," ती म्हणाली.

"आधी गुडघा धुऊन घ्या," एवढंच बोलून ते पुढच्यांकडे गेले.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. दातांच्या डॉक्टर, गटात वयानं सगळ्यात मोठ्या आणि वेगानं सगळ्यात मागे. सायकल आडवी टाकून त्या फुटपाथवर तिच्या शेजारी टेकल्या.

"हा कशाला गुंडाळलास?"

"सगळे बघतात."

"सगळे म्हणजे कोण? एकाचं नाव घे."

तिनं माझा कापलेला काठ बोटांत पिळला. मग हळूच, "तुम्ही."

"मी?" बाई एवढ्यानं हसल्या की फळवालीनंही वळून पाहिलं. "माझा नंबर तूच काढलास ना? तलावावर चष्मा काढला की तू कोण आणि शॉवरचा खांब कोण, मला पत्ता लागत नाही! परवा त्या खांबालाच म्हटलं, आज लवकर आलीस गं."

तिला हसू आलं. पण ते ओठांपर्यंतच. हातातली माझी गुंडाळी काही सैल झाली नाही.

घरी तिनं मला बादलीत तळाशी दडवलं. आईच्या नजरेतून काय सुटतंय? "अगं, पाहुण्यांचा टॉवेल हा!" आईनं मला उलगडलं, डाग पाहिला, कापलेला काठ पाहिला. मग दारात उभ्या लेकीचा गुडघा पाहिला. बराच वेळ साबण घासून तिनं मला दोरीवर टाकलं. "हा आता पाहुण्यांच्या कामाचा राहिला नाही," ती पाठमोरीच म्हणाली. "तूच घे. पण अर्ध्यात सोडून आलीस, तर भांडी पुसायला घेईन."

सरांनी गटाच्या पुढच्या सरावात तिची चाचणी पुन्हा ठेवली. तिनं मला घरून आणलं, पण अंगावर घेतलं नाही. घडी करून सायकलीशेजारी जमिनीवर ठेवलं, वर बूट. मग हात छातीशी आवळून, मान खाली घालून, जवळजवळ पळतच पाण्याकडे गेली. लाज तशीच होती. फक्त मी नव्हतो.

ती पाण्यातून आली, माझ्यावर उभी राहिली, पाय पुसले, बूट चढवले आणि निघाली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर पाय दिला होता.

सायकल संपवून ती आली, सायकल टेकवून धावत सुटली. तोच मागून सायकलवर येणाऱ्या डॉक्टरीणबाई ओरडल्या, "अगं, डोक्यावर काय आहे?"

हेल्मेट! ते घालूनच ती पळत होती. काठावर हशा पिकला. तिचे कान लालबुंद झाले. ती वळून थेट माझ्याकडे येऊ लागली, आणि मला कळलं, आता माझ्यात तोंड खुपसणार. मी तयार झालो.

तिनं हेल्मेट काढलं, माझ्यावर टाकलं, आणि तोंड न पुसताच पळाली.

शेवटून दुसरी आली. शेवटच्या डॉक्टरीणबाई. सरांनी नाव दिलंय. स्पर्धा अजून व्हायची आहे, आणि ती अजूनही दोरीला सॉरी म्हणते.

तुमच्याही कपाटात माझ्यासारखा एखादा असेल. लाज वाटली तर जरूर लपेटून घ्या, त्याला काही वाटणार नाही. पण निघायची वेळ झाली की त्याला खाली अंथरा आणि खुशाल पाय द्या. चुरगळलो, मळलो, तरी मी तिथेच असतो, हेल्मेट सांभाळत.