सातवा पडदा

थोरल्याला मिरवायची भारी खोड. धुलाई कारखान्यात ओल्या चादरी वाहणाऱ्या चार आपोआप चालणाऱ्या गाड्या आल्या आणि त्याचे पाय जमिनीवर ठरेनात. गाड्यांच्या कॅमेऱ्यांतलं चित्र दाखवणारे टीव्हीसारखे पडदे त्याने ऑफिसात लावले, दारात लावले, स्वतःच्या झोपायच्या खोलीतसुद्धा लावले. आला पाहुणा की दाखव पडदा.

सोमवारी एक गाडी घडीवालीच्या पायावरून गेली. बावीस वर्षं इथे चादरींच्या घड्या घालणारी बाई. भिंतीवरचं लाल बटण तिने वेळेत दाबलं होतं, सगळ्यांनी पाहिलं. गाडी थांबली, पण पायाचा चुरा करून.

"प्रोग्राम हिचा, तर चूकही हिचीच," थोरला धाकट्या सुनेकडे बोट करून म्हणाला. "उद्यापासून ही कारखान्यात दिसता कामा नये."

सून रडली नाही. सासूच्या हातात तिने खडू दिला. "आई, गाडी थांबेल तिथे रेघ मारा."

सगळे पडदे बंद करून तिने बटण दाबलं. गाडी वीतभरात थांबली. मग एकेक पडदा सुरू करत गेली, तशी रेघ पुढे पुढे सरकली. सातव्याला गाडी सहा पावलं पुढे गेली.

"चित्र एकच ना गं? सात जणांनी पाहिलं तर झिजतं का?"

"एकच नसतं, आई. जो पडदा मागेल त्याला गाडी वेगळी प्रत पाठवते. चार गाड्या, सात पडदे, अठ्ठावीस प्रती. वायफायची वाट एकच. बटणाचा 'थांब' एवढासा, पण जातो त्याच वाटेने. गर्दीत मागे राहतो."

"मग आधी तोंड शिवलं होतं का तुझं?"

"दोनदा सांगितलं. भावजी म्हणाले, हुशारी माहेरी दाखव."

म्हातारीने बोटांवर पडदे मोजले. सहा थोरल्याचे. सातवा तिच्या खोलीतला, तिनेच हट्टाने लावून घेतलेला, कोण कामचुकारपणा करतं ते बघायला. सोमवारी त्यावर ती घडीवालीलाच बघत होती. बाई मध्येच टेकते का म्हणून.

ती उठली, खोलीत जाऊन वायर उपटली आणि तीच हातात घेऊन परत आली.

"हा माझा. घडीवालीच्या दारात जाऊन मी हे माझ्या तोंडाने सांगेन. तुझे सहा तू उपट, आत्ता, माझ्यासमोर. गाड्या आजपासून हिच्या हुकमात. आणि तू उद्या सकाळी घडीच्या टेबलाशी उभा राहा. तिथली जागा तूच रिकामी केलीस. बसायचं नाही, सांगून ठेवते. तिला मी कधी बसू दिलं नाही."